सुताची रेघ

वाचनालयाच्या भिंतीवर नकाशा काढायचं काम आलं
गणपतीच्या पाट्या सुरू व्हायच्या आधी.
बिर्जे सर म्हणाले, भरमा, सहा बाय चार,
समुद्र निळा ठेव, गावांची नावं ठळक,
शनिवारी वादविवाद आहे:
अमेरिकेच्या अध्यक्षानं तिकडची शांतता जवळ आणली
की लांब घालवली?
मी म्हटलं, रंगाचे पैसे आधी द्या की ओ.
कमिटी देईल, म्हणाले.
कमिट्या दोन आहेत, हे दोघांनाही माहीत होतं.

मी शहापूरचा पेंटर. तीस वर्षं बेळगावात पाट्या रंगवतो.
कुठलं अक्षर वर, कुठलं खाली, कुठलं किती इंच,
कायदा पाठ नाही, टेप पाठ आहे.
एकाच दुकानाची पाटी तीनदा पुसली,
तिन्ही वेळा चहा त्याच दुकानदारानं पाजला.

समुद्र झाला, नदी झाली, मेलेला समुद्रही झाला.
मग सर म्हणाले, आता सीमा.
मी सूत निळीत बुडवलं, एक टोक त्यांच्या हातात दिलं,
विचारलं, कुठून?
एकोणपन्नासची घे, हिरव्या पेन्सिलीनं ओढली होती.
पेपरामागून हलगेकर उठले:
आणि सदुसष्टनंतरचं काय, तुझ्या रबरानं पुसणार?

मग जे जुंपलं!
त्या माणसानं दोघांना एका टेबलाशी बसवलं,
एवढं तरी कुणी केलं होतं?
टेबलाशी आपल्यालाही बसवलंय दिल्लीत,
बिस्किटं चांगली होती.
हा हात मिळवतो आणि त्या हातानं तोफगोळे पाठवतो, ही कसली मध्यस्थी?
तुझा आधीचा काय पाठवत होता, पेढे?

गंमत अशी, की समिती फुटायच्या आधी
हलगेकरच त्या अध्यक्षाचे फोटो कापून वहीत चिकटवायचे.
आणि सर म्हणायचे, दुकानदार आहे तो, शांतता विकतोय.
मग सर एका गटात गेले, हे दुसऱ्या,
आणि तिकडे सात समुद्रापार
एक माणूस रातोरात चांगल्याचा वाईट झाला.

सूत माझ्या हातात ताणलेलं.
सर सांगत होते, पेन्सिलीचं टोक बोथट होतं म्हणे,
नकाशावर ज्वारीच्या दाण्याएवढी जाडी,
जमिनीवर शंभर पावलं.
त्या शंभर पावलांत कुणाचं परसू, कुणाचा गोठा,
ते कुणाचं, हे ठरायचं राहिलं.
मला शिनोळीच्या फाट्यावर अडकलेली बायको आठवली,
चंदगडला माहेरी निघालेली, मांडीवर लोणच्याची बरणी.
त्या दिवशी एसटीला काळं फासलं होतं.
काळा रंग माझ्याकडूनच गेला होता,
अर्धा लिटर, उधारीवर.
कुणी नेला, ते मी अजून घरी सांगितलेलं नाही.

मल्लव्वा झाडू टेकून कधीची बघत होती.
नकाशाकडे बोट करून म्हणाली,
नीर याव कडे ऐत्री?
पाणी कुठल्या अंगाला आहे, एवढंच विचारलं तिनं.
दोघेही गप्प झाले.
मग हलगेकर म्हणाले, मुद्दा तो नाही,
आणि त्या दिवसात पहिल्यांदाच
बिर्जे सरांनी त्यांना मान डोलावली.

मान डोलावताना त्यांच्या हातून टोक सुटलं.
सूत भिंतीवर आपटलं, वाकडंतिकडं,
गाझा ते गॅलिली निळीचा फटकारा.
पूस म्हणाले दोघेही. पुसलं.

शनिवारी सभा झाली. नकाशा सीमेवाचून टांगल्यासारखा.
पाऊण तास अध्यक्ष गाजला, मग लाइट गेली,
मतदान राहिलं.
काळोखात कुणीतरी बटाटेवड्यांचं पातेलं हुडकत होतं,
दोन्ही गटांचे हात त्यात एकदमच पडले असणार,
कारण लाइट आली तेव्हा एकही उरला नव्हता.

बिलावर दोन सह्या लागतात.
एक म्हणतो आधी त्याची, दुसरा म्हणतो आधी ह्याची.
चार महिने झाले.
पेपर वाचायला मी अजून तिथंच जातो,
दुपारी चारला ऊन तिरकं भिंतीवर येतं,
तेव्हा पुसलेली ती नीळ दिसते.
मल्लव्वालाही दिसते. तिनं दोनदा ओलं फडकं मारलं,
मग म्हणाली, असू दे, पगारात बसत नाही.